‘कुठूनही’ म्हणजे नेमके कुठून?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझी थोरली बहीण आटपाडीला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिची मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. २०२२ च्या दिवाळीत आक्काने भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असे पार्सल बांधले आणि मुलीला फोन लावला, ‘पत्ता सांग गं.’ पलीकडून उत्तर आले, ‘आई, आता आम्हाला घरचा पत्ता नाही. घर विकलं. आम्ही गाडीत राहतो.’

आक्काच्या पोटात गोळा आला. नोकरी गेली असणार, असेच तिला वाटले. पण तसे काही नव्हते. दोघांच्याही नोकऱ्या शाबूत होत्या, पगार वेळेवर होत होते. २०२० मध्ये कोरोनामुळे दोघांची कार्यालये घरी आली आणि मग ती परत गेलीच नाहीत. ‘आमचं काम कुठूनही करता येतं,’ भाची म्हणाली. आक्काने त्यातला एकच शब्द पकडला. ‘कुठूनही करता येतं, तर मग इथूनच का नाही करत? वरची खोली रिकामीच आहे.’

२०२३ च्या फेब्रुवारीत मला माझ्या मुलाकडे जायचेच होते. आक्काने पार्सल माझ्या बॅगेत घातले आणि हा प्रश्नही माझ्याकडेच दिला. अशा रीतीने मी ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात, त्या चाकांवरच्या घरात, जवळजवळ चार आठवडे राहिलो. आज त्याबद्दल बोलणार आहे.

या गाडीला तिकडे मोटारहोम म्हणतात. लांबी बत्तीस फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा थोडी आखूड. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, मध्ये ओटा, फ्रीज, गॅस, संडास आणि उभे राहून अंघोळ करता येईल एवढी मोरी. जेवणाचे टेबल हेच भाचीचे ऑफिस. जावयाचे ऑफिस चालकाशेजारच्या खुर्चीत, कारण ती खुर्ची मागे वळते. एका लिटरला गाडी जेमतेम चार किलोमीटर जाते. त्यामुळे रोज उठून भटकायचे, ही आपली कल्पना पहिल्या दिवशीच निकालात निघाली. सोमवार ते शुक्रवार गाडी जागची हलत नाही. जागा बदलायची ती शनिवारी.

आमचा मुक्काम होता क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाजवळ. उन्हाळ्यात हे दोन-तीन हजार वस्तीचे तापलेले गाव. हिवाळ्यात मात्र थंड प्रदेशांतून अशी फिरती घरे घेऊन लोक इथे लाखांनी येऊन जातात. गावालगत केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याचे मोठे मोकळे रान आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे राहण्याचा परवाना त्या वर्षी १८० डॉलरला मिळत होता. या पैशात जमीन मिळते आणि आकाश मिळते. वीज तुमची तुम्ही करायची. पाण्याचा नळ आणि घाण पाणी सोडण्याची जागा आहे, पण ती आपल्या गाडीपाशी नव्हे.

पाण्याचे गणित मला लगेच समजले. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. घागरीने पाणी मोजलेल्या माणसाला मोटारहोम शिकवावे लागत नाही. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. आमच्या चांगल्या पाण्याच्या टाकीत सुमारे तीनशे लिटर पाणी मावे आणि तिघांना ते पाच दिवस पुरवायचे असे. अंगावर पाणी घ्यायचे, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. ताटे आधी कागदाने पुसून मगच धुवायची. गंमत अशी, की चांगले पाणी शिल्लक असले तरी सांडपाण्याची टाकी भरली की संसार थांबतो. मग सगळी आवराआवर करून गाडी टाकी रिकामी करण्याच्या ठिकाणी न्यायची. जाड हातमोजे घालून नळी जोडायची ती जावयाने. बंगळूरच्या एका मोठ्या महाविद्यालयाचा हा इंजिनीअर. ‘मामा, या डिग्रीचा खरा उपयोग आता होतोय,’ असे तो हसत म्हणे.

आता कामाविषयी. ऑफिसला न जाता दूरवरून काम करायचे, ही कल्पना काही कोरोनाने आणलेली नाही. अमेरिकेत जॅक निल्स या शास्त्रज्ञाने १९७३ मध्येच तिला ‘टेलिकम्युटिंग’ असे नाव दिले होते. आणि फिरत फिरत संगणकावर काम करण्याचा मान बहुधा स्टीव्हन रॉबर्ट्स यांच्याकडे जावा. १९८३ मध्ये या गृहस्थांनी ओहायो राज्यातल्या कोलंबस गावचे घर सोडले, मागे रेलून चालवायच्या सायकलीवर सौर पट्टी आणि छोटा संगणक बांधला आणि ते देशभर निघाले. वाटेत लेख लिहायचे आणि रस्त्याकडेच्या सार्वजनिक टेलिफोनवरून ते पाठवायचे. असे त्यांनी दहा हजार मैल काटले. आपल्याकडे साधा टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्या काळातली ही गोष्ट.

रॉबर्ट्स यांना टेलिफोनचा खांब शोधावा लागे. माझ्या भाचीला मोकळे आकाश शोधावे लागते. गाडीच्या टपावर सौर पट्ट्या आणि उपग्रहाकडून इंटरनेट घेणारी एक चपटी तबकडी. पूर्वीच्या उपग्रह इंटरनेटचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असत. तिथवर जाऊन परत येईपर्यंत संभाषणात अर्ध्या सेकंदाहून जास्त खंड पडे. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून समोरासमोर बोलल्यासारखी बैठक होते. पण ते सतत सरकत असल्याने तबकडीला आकाशाचा मोठा तुकडा उघडा लागतो. मध्ये एक झाड आले तरी बैठकीतला साहेब तोंड उघडे ठेवून गोठतो. सौर पट्टीलाही सावली चालत नाही. म्हणजे देवदारांच्या दाट वनात, ओढ्याकाठी गाडी लावून काम करायचे, हे चित्र फक्त कॅलेंडरवर. काम करायचे तर उघडेबोडके रान बरे. सुंदर जागा सुट्टीच्या दिवशी पाहायच्या, तुमच्या-आमच्यासारख्याच.

घड्याळाची तर वेगळीच कथा. भाचीची कंपनी पूर्व किनाऱ्यावर. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात ॲरिझोनात सात वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली बहुतेक राज्ये घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. पण ॲरिझोनातच नावाहो या आदिवासींचा मोठा स्वायत्त प्रदेश आहे. तो तीन राज्यांत पसरलेला असल्याने सगळीकडे एकच वेळ राहावी म्हणून ते लोक घड्याळ पुढे करतात. त्यांच्या प्रदेशाने वेढलेला होपी या आदिवासींचा प्रदेश, ते करत नाहीत! आम्ही नेमके त्याच सुमाराला नावाहो प्रदेशातल्या ट्यूबा सिटीत मुक्कामाला होतो. लगतच होपींचे मोएनकोपी गाव. रात्री केव्हातरी भाचीच्या मोबाइलने ट्यूबा सिटीची वेळ सोडून ॲरिझोनाची धरली आणि साडेसहाचा गजर साडेसातला वाजला. तिकडे बैठक सुरू होऊन अर्धा तास झाला होता. त्या दिवसापासून गाडीत चावीचे घड्याळ आले. ते कुणाचेच ऐकत नाही.

आता पत्त्याकडे येतो, कारण आक्काची पहिली अडचण तीच होती. घर नसले तरी सरकारला पत्ता लागतोच. मतदान, वाहन परवाना, विमा, कर, सगळे पत्त्यावर चालते. म्हणून असे भटके संसारी टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एका राज्याचे रहिवासी होतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. १९७८ पासून चालू असलेला ‘एस्केपीज’ नावाचा फिरत्या घरवाल्यांचा क्लब टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावातून हेच काम करतो. परंतु कागदावरचा पत्ता सगळीकडे उपयोगी पडत नाही. भाचीला एकदा ताप भरला. तिने फोनवरून डॉक्टर गाठला. त्याचा पहिला प्रश्न तापाबद्दल नव्हता. ‘तुम्ही या क्षणी कोणत्या राज्यात आहात?’ असे त्याने विचारले. रुग्ण ज्या राज्यात बसला असेल, तिथला परवाना डॉक्टरकडे असावा लागतो. याच्याकडे ॲरिझोनाचा नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीसाठी गेलेली आपली असंख्य मुले तिथे एच-१बी व्हिसावर आहेत. त्या व्हिसाचा अर्ज कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो. ठिकाण दुसऱ्या शहराच्या परिसरात हलवायचे तर मालकाला सुधारित अर्ज करावा लागतो. त्यांना असे जगता येत नाही. भाची आणि जावई आता तिथले नागरिक आहेत, म्हणून हे जमले.

आमच्या शेजारी एका जुन्या व्हॅनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहत. त्यांचे सगळे भागे ते सरकारी पेन्शनवर. हिवाळा संपला की त्या उत्तरेला थंड जागी जात. तिथल्या सरकारी रानात बहुतेक ठिकाणी चौदा दिवसच राहता येते, म्हणून दर चौदा दिवसांनी पुढची जागा. २००८ च्या मंदीनंतर अशा किती वृद्धांनी भाडे परवडेना म्हणून गाडीत संसार थाटला, त्यावर जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. मी त्या बाईंना भाजणीचे थालीपीठ नेऊन दिले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘तुमची भाची कंटाळली की घर घेईल. मी कंटाळले तरी इथंच.’ आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे बीडकडून बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे मला आठवली. चाकावरचा संसार आम्हीही पाहिला आहे. त्याचे कौतुक मात्र कधी झाले नाही.

त्या गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिडसारखे एक स्मारक आहे, वर धातूचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात उंट चालतात का हे पाहायला परदेशातून उंट आणले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. लष्कराचा तो प्रयोग काही वर्षांत गुंडाळला गेला. हाजी अली परत गेला नाही. १९०२ मध्ये तिथेच वारला. स्थानिक लोकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ केले. लाखो भटक्यांच्या त्या गावात कायमचा पत्ता मिळालेला परका तोच.

निघायच्या आदल्या रात्री मी आक्काचा प्रश्न भाचीपुढे ठेवला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मामा, मी कंपनीला विचारलं होतं. दोनदा.’ ग्राहकांची माहिती देशाबाहेरून हाताळायची नाही, हा कंपनीचा नियम. शिवाय कर्मचारी परदेशात दीर्घकाळ काम करू लागला, की तिथल्या कराचे प्रश्न कंपनीच्या मागे लागतात. ओसीआय कार्ड असल्याने भारतात येऊन राहायला तिला आडकाठी नाही. पण काम अमेरिकेच्या हद्दीतूनच केले पाहिजे. ‘पेट्रोल पंपाच्या मागे गाडी लावून मी काम करू शकते. आईच्या वरच्या खोलीतून नाही. हे तिला कसं सांगू? म्हणून विषयच टाळते.’

मी परत येऊन आक्काला जमेल तसे सांगितले. तिने ऐकून घेतले, पटले असे दिसले नाही. २०२४ मध्ये तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा भाची रजा काढून आली, बारा दिवस राहिली. पहिल्याच रात्री ती वरच्या खोलीत गेली आणि पाहते तो भिंतीवर इंटरनेटचा नवा डबा, दिवे लुकलुकताहेत. आक्काने तिला न सांगता जोडून घेतला होता. भाचीने वेग मोजला. त्यांच्या वाळवंटातल्या तबकडीपेक्षा जास्त होता.

बारा दिवसांनी ती गेली. ते कनेक्शन आक्काने काढलेले नाही. बिल ती दर महिन्याला भरते.