डिस्क हलली, पण मशीन उठेल का?

हेडफोन लावलेत ना? आज विषय जरा जड आहे: मेनफ्रेमवरच्या लिनक्सच्या डिस्क जुन्या स्टोरेजवरून नव्या स्टोरेजवर कशा हलवायच्या. तेसुद्धा सिस्टम चालू ठेवून.

"मेनफ्रेम अजून आहे?" असं विचारू नका. आयबीएमच्या मेनफ्रेमवर गेली वीस-पंचवीस वर्षं लिनक्स चालतंय. तिथल्या डिस्कला डॅझडी म्हणतात आणि प्रत्येकीला पत्ता असतो, उदाहरणार्थ 0.0.0200. जुन्या 'मॉडेल 9' डिस्कमध्ये 10,017 सिलिंडर. लिनक्ससाठी फॉरमॅट केल्यावर हातात उरतात जेमतेम सात जीबी! तुमच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा आहे. म्हणून अशा पुष्कळ डिस्क एलव्हीएमने एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये बांधतात.

हलवायचं कसं? नवी डिस्क ऑनलाइन घ्या, 'डॅझडीएफएमटी'ने 4 केबीच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट करा (पत्ता दोनदा वाचा, दुसऱ्याची डिस्क पुसलीत तर नोकरीचं काही खरं नाही), पार्टिशन पाडा, 'पीव्हीक्रिएट' करा, 'व्हीजीएक्स्टेंड'ने ग्रुपमध्ये घाला. मग खरा हिरो, 'पीव्हीमूव्ह'. हा पठ्ठ्या तात्पुरता आरसा उभा करतो: डेटा नव्या डिस्कवर उतरवतो, दोन्हीकडे सारखा झाला की जुनी बाजू सोडून देतो. वर डेटाबेस चालूच असतो, त्याला पत्ताही लागत नाही. मध्येच मशीन बंद पडलं तरी नुसतं 'पीव्हीमूव्ह' म्हणा, राहिलेलं काम पुढे सुरू होतं.

एक गोष्ट मात्र तो करत नाही. बूटचा भाग एलव्हीएमच्या बाहेर असतो. 'झिपल' नावाचा प्रोग्राम कर्नल डिस्कच्या नेमक्या कुठल्या ब्लॉकवर आहे ते लिहून ठेवतो. तुम्ही फाइल नुसती कॉपी केलीत तर ब्लॉक बदलतात. म्हणून नव्या डिस्कवर 'झिपल' पुन्हा चालवायचाच.

हे मला माहीत होतं. तरी फसलो. नव्या डिस्क मी 'सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह'ने ऑनलाइन घेतल्या होत्या, आणि ती कमांड फक्त पुढच्या आयपीएलपर्यंत टिकते. आयपीएल म्हणजे मेनफ्रेमचं रीबूट. तीन महिने सगळं सुरळीत. जुनं स्टोरेज परत गेलं. मग एका रविवारी पहाटे ठरलेलं आयपीएल झालं, आणि ग्रुपमधली एक डिस्क गायब, रूटच सापडेना! मी पुण्यात घरी, फोनवर मॅनेजर, तिकडे बँकेचं काम सकाळी सुरू होणार. इमर्जन्सी शेलमध्ये पत्ता हाताने टाकून डिस्क ऑनलाइन केली, ग्रुप उठवला, तेव्हा कुठे घशाखाली चहा उतरला.

आता मी 'सीएचझेडडेव्ह' वापरतो, त्यात सेटिंग कायमचं राहतं. आणि जुन्या डिस्क आधी फक्त ऑफलाइन करतो. त्याच आठवड्यात एक आयपीएल मागून घेतो, मशीन उठलं तरच स्टोरेज परत.

घरी मेनफ्रेम कुणाकडे असणार? पण लिनक्सचा लॅपटॉप आणि दोन जुने पेनड्राइव्ह असतील तर 'पीव्हीमूव्ह' आज रात्रीच करून बघा. मध्येच लॅपटॉप बंद करा मुद्दाम. काय झालं ते कळवा!