चावीवाला येईनासा होतो तेव्हा

ब्रिटनमध्ये वीज-गॅसचं बिल थकलं, की कंपनी १९५४ च्या कायद्याखाली कोर्टाचं वॉरंट आणते. चावीवाला दार उघडतो आणि घरात ‘आधी पैसे, मग वीज’ असा मीटर बसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये यावर गदारोळ होऊन ही सक्ती थांबवावी लागली.

स्मार्ट मीटर असला, की कचेरीत बसूनच तो प्रीपेड करता येतो. चावीवाल्याचं हे काम जातं. त्याची मजुरी बुडते, तेही मी मोजते. पण दारात आलेल्या माणसाला निदान पाळणा दिसायचा. (दिसूनही सगळे थांबत नसत!) २०२३ च्या नव्या नियमांत दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरावर अशी सक्ती करता येत नाही, दुरूनसुद्धा. पण कचेरीतल्या माणसाला घरातलं मूल दिसणार कसं? तिथल्या बाईला कुणी विचारलं का?