‘बसा’ नको, ‘चला’ म्हणा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायला चार महिने लागले होते. भाजीची पिशवी घेऊन चौथा मजला चढताना आपण किती चिडायचो! आज वाटतं, तेवढाच व्यायाम होता.

मी फिजिओथेरपिस्ट. आयुष्य गुडघे आणि पाठी बघण्यात गेलं. आज मेंदूबद्दल बोलते. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. तो पोचवतं रक्त. म्हणून हृदयाला जे चांगलं, ते मेंदूलाही चांगलं.

२०११ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२० ज्येष्ठांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून ३ दिवस, ४० मिनिटं चालला. दुसऱ्याने नुसते ताणाचे व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटात तो जवळपास दीड टक्क्याने आकसला होता.

आता घरची गोष्ट. माझे सासरे रोज सकाळी दूध आणायला जात. एकदा गेटजवळ पडले. हाड मोडलं नाही, पण आम्ही घाबरलो. “नाना, आता खाली उतरू नका,” मीच म्हटलं. दूध घरपोच सुरू केलं. नाना खिडकीत बसायला लागले. बोलणं कमी झालं, पुढे नातवंडांची नावं चुकायला लागली. चालत राहिले असते तर विसरले नसते, असं मी म्हणणार नाही. व्यायामाने धोका कमी होतो, हमी मिळत नाही. पण दुसऱ्यांच्या वडिलांना हात धरून चालवणारी मी, त्यांना मात्र बसवून ठेवलं. ही बोच जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही हवेत; पडण्याची भीती त्यानेच कमी होते. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कमिटीला एकच विनंती. बी विंगमागच्या वाटेवर स्कूटर लावू देऊ नका, दिवा लावा, मध्ये एक बाक ठेवा. आणि तरुण मंडळींनो, घरातल्या मोठ्यांना “तुम्ही बसा हो” म्हणू नका. चपला पुढे ठेवा आणि म्हणा, “चला, एक फेरी मारून येऊ.”

उद्या सकाळी साडेसहाला मी खाली आहे. या.