बादशहाची सनद आणि ताइशान पर्वत

ताओपंथीयांच्या पाच पवित्र पर्वतांत ज्याला अग्रपूजेचा मान आहे, तो चीनच्या शानतुंग प्रांतातील ताइशान उंचीने दीड हजार मीटरांहून फारसा अधिक नाही. परंतु उगवतीच्या दिशेचा तो स्वामी असून मृतांचे आत्मे त्याच्याच पायथ्याशी जातात व प्रत्येकाच्या आयुष्याची नोंद त्याच्याच दफ्तरी असते, अशी पूर्वापार श्रद्धा असल्यामुळे, आपला यमधर्म बौद्ध धर्माबरोबर त्या देशी पोहोचला तेव्हा परलोकीच्या दहा न्यायाधीशांत त्याच्याबरोबर ताइशानच्या राजालाही आसन मिळाले.

अशा देवतेशी बादशहांचा व्यवहार अर्थातच दरबारी थाटाचा असे. इ. स. पूर्व 219 मध्ये पहिला सम्राट शिहुआंग येथे यज्ञ करण्यास आला असता त्याला पावसाने गाठले, आणि ज्या वृक्षाने आसरा दिला त्याला त्याने चक्क सरदारकी बहाल केली. पुढे 725 साली तांग सम्राटाने खुद्द पर्वतालाच राजा ही पदवी दिली.

परंतु पायथ्याच्या ताइआन नगरातील दाइम्याओ मंदिराचे जे मुख्य सभागृह आज यात्रेकरू पाहतात, त्याचे मूळ सोंग घराण्याच्या चेनत्सुंग बादशहाच्या एका लटपटीत आहे. उत्तरेच्या ल्याव राज्याला दरसाल एक लाख तैल (चिनी वजन) चांदी आणि दोन लाख तागे रेशीम देण्याचा तह त्याला करावा लागला होता. ही नामुष्की झाकावी कशी, तर ताइशानवर महायज्ञ करून, असा सल्ला वांग छिनरुओ नावाच्या मंत्र्याने दिला. यज्ञास दैवी शकुन हवा. तोही जमविण्यात आला. प्रधान वांग दान मात्र सरळ मनुष्य. तो आड येऊ नये म्हणून बादशहाने त्याला मद्याचा एक बुधला नजर केला, आणि घरी जाऊन झाकण काढतो तो आत मोती! प्रधानजी गप्प बसले. 1008 च्या आरंभी राजवाड्याच्या दरवाजावर पिवळ्या रेशमात गुंडाळलेले ‘स्वर्गाचे पत्र’ लटकताना सापडले, त्याच वर्षी यज्ञ झाला, आणि दुसऱ्या वर्षी त्या स्वर्गीय देणगीच्या स्मरणार्थ हे सभागृह उभे राहिले. 1011 मध्ये पर्वताला सम्राटपदाची बढतीही मिळाली.

आणि तरीही, ज्याचा पाया असा, ते मंदिर क्षुद्र वाटत नाही, हे कबूल केले पाहिजे. राजवाड्यासारखा तट, कोपऱ्यांवर बुरूज, अंगणात हान सम्राट वू-तीने लावले असे सांगतात ते जुनाट सुरूच्या जातीचे वृक्ष. आत भिंतींवर साठ मीटरांहून लांब चित्र, ज्यात पर्वतदेव एका बाजूला लवाजम्यानिशी फेरीस निघतो आणि दुसऱ्या बाजूला परत येतो, मागेपुढे मुलकी व लष्करी अंमलदारांची रीघ.

चेनत्सुंगनंतर तो महायज्ञ येथे कोणीही केला नाही. 1370 मध्ये मिंग घराण्याच्या संस्थापकाने, पर्वताचे दैवत परमेश्वराच्या आज्ञेने नेमलेले, त्यावर मानवी राज्याने किताब काय चढवावा, असे म्हणून साऱ्या पदव्या रद्द केल्या. ताइशानसंबंधी निघालेल्या बादशाही फर्मानांत मला शहाणपणाचे वाटते ते हेच एक, आणि ते कोरलेली शिला त्याच मंदिराच्या आवारात उभी आहे.