बंदुकांचं काय करायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू शेतीवर बोल." पण आपण शेतकरी शेतीवर बोलायला लागलो की रडगाणं सुरू होतं आणि तिकडं जेवण थंड होतं. म्हणून आज मी घरातल्या एका गोष्टीवर बोलणार आहे. माझ्या घरात बंदुका होत्या. चाळीस वर्षं त्या माझ्या नावावर होत्या आणि चाळीस वर्षांत मी त्यातून एकही जनावर मारलं नाही. त्या ठेवायच्या की द्यायच्या, एवढं ठरवायला मला फार वेळ लागला. आपल्या १९७१ च्या मॅट्रिकच्या बॅचमध्ये वाड्यात वाढलेले बरेचजण आहेत. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असं काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं अजून असेल, म्हणून हा विषय घेतला.

आमचं शेत गंगाखेडच्या दक्षिणेला, बालाघाटच्या डोंगराकडं. इथं डोंगराचं जनावर रात्री पिकात उतरतं. त्यामुळं जागल आली आणि जागल आली म्हणजे बंदूक आली. आमच्याकडं तीन होत्या. एक ठासणीची, नुसती दारू ठासून बार काढायची, म्हणजे डुकरं पळायची. दुसरी बारा बोअरची दुनळी, माझ्या आबांची, निजामाच्या काळातली. तिसरी ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९६७ साली हौसेनं घेतलेली.

दुनळीची गोष्ट आमच्या घरात पोथीसारखी सांगितली जायची. रझाकारांच्या वेळी आबांनी ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पेवात पुरली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं, हैदराबाद संस्थान भारतात आलं, आणि मग ती बाहेर निघाली. "हिनं घर राखलं," असं आबा म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, आबांनी गच्चीवरून गोळ्या झाडल्या असतील. मोठेपणी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, ती तर तेरा महिने पेवात होती. घर राखलं ते गावातल्या माणसांनी. रात्री आळीपाळीनं जागायची सगळी." ही गोष्ट मी आबांसमोर कधी काढली नाही.

आता शाळेतली गोष्ट. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी दादांबरोबर शिकारीला गेलो होतो. तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. दादांनी रायफलीनं एक काळवीट पाडला. सुट्टी संपल्यावर त्याची पिळदार शिंगं मी पोत्यात घालून शाळेत आणली. मधल्या सुट्टीत वर्गात ही गर्दी! त्या दिवशी माझा भाव किती वधारला होता, हे पहिल्या बाकावर बसणारे तुम्ही लोक जाणताच.

विज्ञानाचे सर आले. मला वाटलं, आता मार बसणार. सरांनी शिंगं हातात घेतली, पीळ मोजले, फळ्यावर काळविटाचं चित्र काढलं. नर मोठा झाला की काळा होतो, माद्या आणि लहान नर पिवळट तपकिरी राहतात, माद्यांना सहसा शिंगं नसतात, असं सगळं समजावून सांगितलं. मग मला विचारलं, "कळपात दुसरा काळा होता का रे?"

मी म्हणालो, "नाही सर. तो एकच होता."

सर "बरं" म्हणाले आणि धडा पुढं सुरू केला. रागावले नाहीत, उपदेश केला नाही. सर आज आपल्यात नाहीत. पण तो प्रश्न माझ्याजवळ चौपन्न वर्षांहून अधिक काळ आहे. त्यानंतर मी दादांबरोबर पुन्हा शिकारीला गेलो नाही. दादांना मी अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं कारण कधी सांगितलं नाही.

पुढं १९७२ उजाडलं. आपल्याला ते साल दुष्काळानं आठवतं. खडी फोडायची कामं, सुकडीची पाकिटं. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. दादांनी ती शिंगं वनखात्याकडं जमा केली. उरलीसुरली हौसेची शिकार १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. रायफल ज्या कामासाठी घेतली होती, ते कामच संपलं. पण रायफल राहिली.

१९८५ मध्ये दादा गेले आणि परवाने माझ्या नावावर झाले. तेव्हापासून माझं आणि बंदुकांचं नातं कसलं, तर कागदांचं. परवान्याची मुदत संपली की नूतनीकरण. निवडणूक लागली की ठाण्याची नोटीस. बंदुका बैलगाडीतून, पुढं जीपमधून, पुढं मोटारसायकलवर धाकट्याला मागं बसवून ठाण्यात न्यायच्या, जमा करायच्या, पावती घ्यायची. निकाल लागला की परत आणायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, कपाटात ठेवायच्या. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद मिळून मी किती खेपा केल्या, त्याचा हिशोब नाही. एकदा एक तरुण जमादार मला म्हणाला, "काका, ह्या चालतात तरी का?" मला उत्तर देता आलं नाही.

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, जास्तीची वर्षाच्या आत जमा करा, असा नियम आला. मी ठासणीची दिली. देताना काही वाटलं नाही. उलट एक ओझं कमी झालं. तेव्हाच बाकीच्या दोन देऊन टाकायला हव्या होत्या. पण दुनळीत आबा होते आणि रायफलीत दादा होते. माणूस वस्तूत बसला की वस्तू उचलत नाही.

मग मी सत्तरी गाठली. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिली, तर हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. मी पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, माझा फ्लॅट दोन खोल्यांचा. घरात पाच वर्षांचं लेकरू. मी ती ठेवू कुठं? आणि कशासाठी?" 'कशासाठी' या शब्दावर मी अडलो. आबांचं, दादांचं नाव मी घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "आबांची आठवण मला तुमच्या बोलण्यातून आहे, बंदुकीतून नाही."

पुतण्या मात्र तयार होता. तो शेती करतो. रानडुकरांनी त्याचा भुईमूग उकरला, रोह्यांनी हरभरा खाल्ला. तो म्हणाला, "काका, मला द्या. मी बघतो एकेकाला." त्याचा राग खरा आहे. रात्रभर जागून सकाळी झोपलेलं पीक बघणाऱ्याचा राग मला कुणी समजावून सांगायला नको. पण मी त्याला घेऊन बसलो आणि सगळं उलगडून सांगितलं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला मारायचं तरी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. अंधारात कापसात हललेलं डुक्कर आहे की जागलीला आलेलं माणूस आहे, हे गोळीला कळत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज आहे, पंचनामा आहे. मिळते ती रक्कम पुरत नाही, हेही खरं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून झटका मशीन बसवलं. तार ओढली, खांब रोवले. त्यानंही शंभर टक्के काम होत नाही, पण पुतण्या आता रात्री चार तास झोपतो.

एवढं झालं तरी माझा निर्णय होत नव्हता. तो झाला वेगळ्याच कारणानं, आणि ते सांगायलाच मी उभा राहिलोय.

एका सकाळी बंदुका पुसाव्या म्हणून मी कपाटाची किल्ली शोधायला लागलो. ती नेहमी देवघरामागच्या खिळ्याला असायची. खिळा होता, किल्ली नव्हती. मध्ये दोन-तीनदा निवडणुका आल्या तेव्हा किल्ली मंडळीनंच हातात आणून दिली होती, त्यामुळं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिला विचारलं. तिनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यातून, पिठाच्या तळातून किल्ली काढून दिली.

मी म्हणालो, "ही इथं कधीपासून?"

ती म्हणाली, "दुष्काळापासून."

म्हणजे २०१५. ते साल इथं बसलेल्या कुणालाच विसरता येणार नाही. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो काळ. माझा कापूस गेला होता, बँकेचं कर्ज होतं, थोरलीचं लग्न ठरलेलं होतं. पेपरात रोज शेजारच्या गावांची नावं येत होती. कशासाठी येत होती, ते तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा जेवायचो कमी, बोलायचो त्याहून कमी, आणि रात्री ओसरीवर बसून राहायचो.

मी तिला म्हणालो, "अगं, माझ्या मनात तसं कधी आलं नव्हतं." आणि मित्रांनो, खरंच आलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुमच्या मनात काय होतं, ते तुम्ही कुठं सांगत होतात?"

त्यावर मला बोलता आलं नाही. दहा वर्षं ती बाई रोज भाकरीचं पीठ काढताना डब्याच्या तळाला हात लावून किल्ली आहे का बघत होती. मी ज्याला घराण्याची शान म्हणत होतो, त्याची राखण ती करत होती, तीही माझ्यापासून. आबांच्या बंदुकीनं घर राखलं नाही, हे आजीनं मला सांगितलं होतं. ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात मी परभणी गाठली. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला, ठाण्यात कळवलं, आणि दोन्ही बंदुका एका परवानाधारक विक्रेत्याच्या हवाली केल्या. परवान्यावर तशी नोंद करून घेतली, पावती घेतली. रायफलीचे थोडे पैसे आले, दुनळीचे जवळजवळ नाहीच. दुकानदारानं दुनळी उघडून नळीतून उजेडाकडं बघितलं आणि म्हणाला, "तेल मात्र चांगलं दिलंय." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. येताना गंगेच्या पुलावर थोडा थांबलो. वाईट वाटलं का? वाटलं. दादांचा हात सुटल्यासारखं वाटलं. पण घरी आलो तेव्हा किल्ली खिळ्याला टांगलेली होती.

मित्रांनो, कुणी काय ठेवावं हे मी सांगणार नाही. डोंगराकडंला एकटी वस्ती असेल, खरी गरज असेल, तर ज्यानं त्यानं विचार करावा. दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. वडील गेले, परवाना त्यांच्या नावावरच राहिला आणि बंदूक माळ्यावर, असं कुणाकडं असेल तर ती आठवण राहत नाही, तो गुन्हा होतो. वारसानं परवाना मागावा, नाहीतर विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावी. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला कळवावं लागतं. मुलांच्या डोक्यावर हे काम ठेवून जाऊ नका. आपण आहोत तोवर आपणच निस्तरू.

दुसरी गोष्ट घरातली. बंदूक असो नसो, आपल्या मनात काय चाललंय ते घरात सांगत जा. घरात नाही जमलं तर आपल्यापैकी कुणालातरी सांगा. आज नव्यानं व्हॉट्सॲपचा ग्रुप निघालाय. त्यात सुप्रभात आणि फुलं पाठवायला माझी हरकत नाही, पण एखादा चार दिवस गप्प असला तर त्याला फोन करा.

विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, कळपात दुसरा होता का. आपल्या वर्गातले काहीजण गेले. जे उरलेत त्यांची मोजदाद ठेवू या.

आणि कुणाच्या माळ्यावर काही निघालंच, तर परभणीला जायच्या आधी मला सांगा. कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म मिळतो, ते मला आता पाठ झालंय.