व्हॅनमधली हवा: एक वास येणारा धोका, एक न येणारा

पाऊस ओसरला की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जायचं का?" जा, जरूर जा. पण बुकिंग करण्याआधी मला आठ मिनिटं द्या. आज आपण व्हॅनच्या आतल्या हवेबद्दल बोलणार आहोत.

आधी थोडं गणित. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण ९०० घनफूट हवा असते. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला, त्यात कपाटं, बेड, ओटा बसवला, की उरते त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात चार जण झोपणार, काचा बंद, एसी चालू. म्हणजे घरात जी गोष्ट चालून जाते, ती इथे चालेलच असं नाही.

पहिला धोका वास न येणारा. कार्बन मोनॉक्साइड. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा कळलं की जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत येत होता. ना भांडण, ना अपघात. माणसं झोपली आणि उठलीच नाहीत.

असं का होतं? हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आपल्याला वाटतं, घाट लागला असेल, उन्हाचा त्रास असेल. आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. गाडीतल्या एकापेक्षा जास्त लोकांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर गोळी शोधत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडा, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

जनरेटर असो, कोळशाची शेगडी असो की गॅस, जिथे काही जळतं तिथे हा वायू तयार होऊ शकतो. महाबळेश्वरला थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूची शेगडी आत घेणं म्हणजे जिवाशी खेळ. निखारे विझत आलेले दिसले तरीही नाही. आणि "खिडकी थोडी उघडी ठेवलीय ना" यावर भरवसा ठेवू नका. वारा फिरला तर त्याच खिडकीतून धूर आत येतो.

आता दुसरा धोका, वास येणारा. एका श्रोतीने विचारलं होतं, "नवीन व्हॅनमध्ये डोळे चुरचुरतात, हा नव्या गाडीचा वास असतो का?" तर त्यामागे बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असतं. प्लायवूड, एमडीएफ चिकटवायच्या रेझिनमधून ते हळूहळू बाहेर पडतं. ऊन आणि दमटपणा वाढला की आणखी जास्त.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. २००५ मध्ये कतरिना वादळात घरं गेली, तेव्हा सरकारी यंत्रणेने, म्हणजे फेमाने, लोकांना एक लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं राहायला दिली. काही दिवसांची सोय असणाऱ्या गाड्यांमध्ये लोक महिनोन्‌महिने राहिले. खोकला, नाकातून रक्त, डोळ्यांची आग अशा तक्रारी येत राहिल्या. शेवटी सीडीसीने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांतली हवा तपासली. फॉर्मल्डिहाइड सरासरी ७७ पीपीबी, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ७७ भाग. एका ठिकाणी तर ५९०! आणि ही थंडीतली मोजणी, बरं का. त्याआधीच, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कॅन्सर करणारं म्हणून नोंदवलं होतं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेने अशा लाकडासाठी मर्यादा घालणारा कायदा केला.

आता मला त्यात एक गोष्ट फार टोचते. लोक दोन वर्षं सांगत होते की त्रास होतोय. नाक आणि डोळे आधीच साक्ष देत होते, आकडा नंतर आला. तेव्हा आपल्या शरीराचं ऐका.

दोन दिवसांच्या ट्रिपने घाबरायचं कारण नाही. पण व्हॅन स्वतः बनवून घेत असाल तर ई-झिरो किंवा ई-वन प्रतीचं प्लाय मागा, कापलेल्या कडा सील करून घ्या, आणि पहिले काही आठवडे दारं उघडी ठेवून गाडी हवेशीर राहू द्या. परफ्यूम मारून वास झाकू नका, त्याने रसायन जात नाही, उलट वाढतं.

आणि हो, कोकण म्हणजे डास! २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं आढळलं. बंद व्हॅनमध्ये कॉइल नकोच. जाळी लावा, मच्छरदाणी घ्या.

तर बुकिंग करताना गाडीवाल्याला तीन प्रश्न विचारा. जनरेटरचा धूर कुठून बाहेर जातो? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि बटण दाबल्यावर वाजतो का? गॅस सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी आहे का? कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. उत्तर "काही होत नाही हो" असं आलं, तर दुसरी गाडी बघा. अलार्म तर स्वतःचाच घ्या, चार जणांत वर्गणी काढली की कोणालाच जड जात नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये बुकिंग कोण करतं, त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर मस्त फिरा, आणि काच खाली ठेवा!