सायकल-पर्यटन आणि ग्रामीण रोजगार : छत्तीसगडमधील दोन मार्ग

(चौबे कॉलोनी, रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चौबे कॉलोनीतून राजिम सुमारे ४५ किलोमीटर आहे. मोटारीने निघालेला पर्यटक तासा-दीड तासात तेथे पोहोचतो, राजीवलोचनाचे दर्शन घेतो, महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम पाहतो आणि दुपारच्या जेवणाला रायपुरात परततो. त्याचे पेट्रोल रायपूरचे, जेवण रायपूरचे आणि मुक्कामही रायपूरचाच. सायकलीने निघालेल्या प्रवाशाला याच अंतरासाठी तीन ते चार तास लागतात. तो अभनपूरला चहा घेतो, पुढच्या एखाद्या गावी नाश्ता करतो, चाकातील हवा तपासून घेतो आणि बहुधा रात्री राजिमलाच राहतो. दोघांनी पाहिलेले मंदिर एकच. परंतु दोघांच्या खर्चाचा भूगोल वेगळा आहे. सायकल-पर्यटनाचे अर्थशास्त्र या फरकात सामावलेले आहे.

दोन मार्ग

छत्तीसगडमध्ये अशा प्रवासाला अनुकूल असे किमान दोन मार्ग डोळ्यांसमोर येतात. पहिला मार्ग महानदीच्या खोऱ्यातील आहे. रायपूर, वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाणारे चंपारण, राजिम, महासमुंद, सिरपूर, आरंग आणि पुन्हा रायपूर असा हा सुमारे २०० किलोमीटरचा फेरा तीन ते चार दिवसांत पूर्ण होतो. सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलच्या पांडुवंशीय राजांची राजधानी. राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ उभारलेले तेथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील असून विटांच्या बांधकामाचा तो एक श्रेष्ठ नमुना आहे. आरंगला भांड देऊळ हे जैन मंदिर आहे. हा मार्ग बहुतांशी सपाट असल्याने नवख्या प्रवाशालाही झेपतो. सिरपूरच्या पलीकडे मात्र बारनवापारा अभयारण्याच्या टेकड्या सुरू होतात.

दुसरा मार्ग डोंगराळ आहे आणि मराठी वाचकाला तो विशेष जवळचा वाटावा. बिलासपूरपर्यंत सायकल रेल्वेने न्यावी आणि तेथून सुमारे २५ किलोमीटरवरील रतनपूरला जावे. कलचुरींची ही राजधानी १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेपुढे नमली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात रघुजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी येथूनच कारभार पाहिला. रामटेकडीवरील मंदिर त्यांच्याच काळातील. १८१८ नंतर ब्रिटिश अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रायपूरला हलवले आणि रतनपूरचे राजकीय महत्त्व ओसरले. रतनपूरहून केंदा घाट चढून मार्ग पेंड्र्याकडे जातो. १९०० मध्ये माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, ते याच लहानशा गावातून. पुढे मैकल पर्वतरांगेवर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, सुमारे हजार मीटर उंचीवर नर्मदेचे उगमस्थान अमरकंटक आहे. इतिहास, साहित्य आणि डोंगर यांचा असा मेळ थोड्या मार्गांवर आढळतो.

खर्च कोठे थांबतो?

पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा विचार करताना एकूण खर्चापेक्षा त्यातील किती भाग स्थानिक अर्थव्यवस्थेत टिकतो, हे पाहणे अधिक आवश्यक ठरते. बाहेरून आणलेला माल, बाहेरील मालकाचा नफा आणि बाहेरील वाहतूकदाराचे भाडे यांच्या रूपाने उत्पन्नाची गळती होते. सायकलस्वाराच्या बाबतीत ही गळती स्वभावतःच कमी असते. त्याला इंधन लागत नाही, जड सामान तो नेऊ शकत नाही आणि दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटरनंतर त्याला थांबावेच लागते. घाटात तर त्याहूनही आधी. त्यामुळे जेवण, निवारा आणि दुरुस्ती या सेवा त्याला वाटेवरच्या गावातूनच घ्याव्या लागतात.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या मुक्कामाच्या गावी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत रोज सरासरी १० सायकलस्वार राहिले आणि प्रत्येकाने १,००० रुपये खर्च केले, तर गावाची एकूण आवक १२ लाख रुपये होईल. त्यातील ७० टक्के रक्कम गावातच राहिली तर ती ८ लाख ४० हजार रुपये भरते. वीस कुटुंबांत ती विभागली गेल्यास प्रत्येकी ४२ हजार रुपये. ही रक्कम शेतीची जागा घेऊ शकत नाही. परंतु पूरक उत्पन्न म्हणून ती उपेक्षणीय नाही.

युरोपचा अनुभवही उद्बोधक आहे. युरोपीय संसदेसाठी २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात तेथील सायकल-पर्यटनाचे वार्षिक मूल्य सुमारे ४४ अब्ज युरो असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला होता. तेथील ‘युरोव्हेलो’ या दीर्घ पल्ल्याच्या मार्गजाळ्यात नव्या बांधणीबरोबरच अस्तित्वात असलेले कमी रहदारीचे रस्ते एकत्र जोडण्यावर भर आहे. भारताने त्यातून आकड्यांपेक्षा ही पद्धत घेणे श्रेयस्कर होय.

हंगामाचा योग

छत्तीसगडच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हंगामाचा आहे. राज्याची शेती प्रामुख्याने खरिपाच्या धानावर अवलंबून आहे. सिंचनाची सोय नसलेल्या गावांत कापणी आणि मळणी आटोपली की हाताला काम उरत नाही. महासमुंदसारख्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे याच सुमारास वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी परप्रांती जातात, मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटतात. ज्या महिन्यांत हे स्थलांतर होते, नेमके तेच महिने सायकल-प्रवासाला सुखावह असतात. उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात वाटा त्याला प्रतिकूल ठरतात. बहुतेक पूरक व्यवसाय शेतीच्या हंगामाशी श्रमासाठी स्पर्धा करतात. हा व्यवसाय मात्र शेती रिकामी असताना काम देतो. घरातील एका खोलीचे भाडे, फरा आणि चिल्याचा नाश्ता, पंक्चरचे दुकान, वाटाड्याचे काम यांतून काही कुटुंबांना गावात राहणे परवडले, तरी त्याचे सामाजिक मोल मोठे आहे.

रस्ते आहेत, मार्ग नाही

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगराळ व आदिवासी भागातील २५० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्यांनी जोडण्याचे तिचे मूळ उद्दिष्ट होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात आणखी २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांची तरतूद आहे. कमी रहदारीचे हे डांबरी रस्ते म्हणजे सायकल-मार्गासाठी आधीच उभे असलेले भांडवल आहे. त्याचा हा अतिरिक्त उपयोग करण्यासाठी येणारा सीमांत खर्च अत्यल्प आहे : दिशादर्शक फलक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि मुक्कामांची विश्वासार्ह यादी.

मग हे आपोआप का घडत नाही? कारण येथे समन्वयाचा प्रश्न आहे. प्रवासी येत नाहीत म्हणून गावकरी खोली तयार ठेवत नाहीत आणि खोली नाही म्हणून प्रवासी येत नाहीत. मार्गावरील एकच मुक्काम तुटला तरी संपूर्ण मार्ग निरुपयोगी होतो. कोणताही एक खासगी उद्योजक सगळी साखळी उभारू शकत नाही; फलक आणि नकाशा यांसारख्या सार्वजनिक वस्तूंची जबाबदारी शासनाला घ्यावी लागते. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेखाली छत्तीसगडमध्ये तेरा स्थळांचे आदिवासी परिमंडळ २०१५-१६ मध्ये मंजूर झाले. त्यात बिलासपूर जिल्ह्यातील कुरदर आणि कबीरधाम जिल्ह्यातील सरोदादादर ही मैकल परिसरातील स्थळेही आहेत. अशी स्थळे हे बिंदू होत. बिंदूंना जोडणारी रेषा लाभली तर मधल्या गावांनाही पर्यटनाचा स्पर्श होईल.

मर्यादा

या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांच्या महामार्गावर सायकलस्वाराला पाठवणे बेजबाबदारपणाचे होईल. केंदा घाटाचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असल्याने तेथे रुंद कडपट्टी आणि वेगमर्यादेची अंमलबजावणी या पूर्वअटी ठरतात. महासमुंद परिसरात रानहत्तींचा वावर असल्याने संध्याकाळनंतर प्रवास टाळावा लागतो. शिवाय पेंड्रा परिसर पाचव्या अनुसूचीत मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याचा आशय ध्यानात घेता मुक्काम कोठे असावा, बैगांसारख्या जमातींच्या वस्त्यांपासून मार्ग किती दूर राहावा, हे ग्रामसभेला विचारूनच ठरले पाहिजे. अन्यथा गावाच्या वाट्याला मजुरी आणि बाहेरच्याच्या वाट्याला नफा, ही जुनी विभागणी नव्या नावाने परत येईल.

सायकल ही भारतात श्रमिकाची आणि विद्यार्थ्याची सोबती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. पर्यटकासाठी सुरक्षित केलेला रस्ता शाळेत जाणाऱ्या मुलीलाही सुरक्षित होतो आणि बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यालाही. एखाद्या मार्गावर पर्यटक अपेक्षेपेक्षा कमी आले, तरी त्यावर केलेला खर्च वाया जात नाही. सार्वजनिक गुंतवणुकीच्या पर्यायांची तुलना करताना हा निकष मोलाचा आहे. रायपूरहून राजिमला निघालेला सायकलस्वार किती वेगाने पोहोचला, याला विकासाच्या हिशेबात फारसे स्थान नाही. तो वाटेत किती ठिकाणी थांबला आणि त्या थांब्यांमुळे किती घरांची दारे हिवाळ्यातही उघडी राहिली, याला आहे.